कॉलेजात असतानाच परदेशी : चार गैरसमज

बारावीचा निकाल लागला की हल्ली बऱ्याच घरांत एक वाद रंगतो : मुलाला आत्ताच परदेशी पाठवायचं की पदवी झाल्यावर? या वादात हिरिरीने मांडले जाणारे बरेच मुद्दे ऐकीव असतात.

गैरसमज : पदवी अर्धवट असताना जायचं ते हिंडायला.

वस्तुस्थिती : अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठाचे आठ विद्यार्थी जुलै १९२३ मध्ये बोटीने फ्रान्सला निघाले. आधी नान्सीत भाषा पक्की करायची, मग पॅरिसच्या सोरबोनमध्ये शिकायचं, असा बेत होता. पहिल्या महायुद्धात लढून आलेले प्राध्यापक रेमंड कर्कब्राइड यांची ही कल्पना. परराष्ट्र सेवा, व्यापार आणि अध्यापन यांसाठी जग पाहिलेली माणसं घडावीत, हा त्यांचा हेतू होता. विद्यापीठाने पैसे दिले नाहीत; ते बाहेरून उभे करावे लागले.

गैरसमज : आधी ध्येय ठरू द्या, मग जा.

वस्तुस्थिती : ध्येय कधीकधी तिथेच बदलतं. अमेरिकेच्या अँजेला डेव्हिस फ्रेंच साहित्याच्या विद्यार्थिनी म्हणून तिसऱ्या वर्षी फ्रान्सला गेल्या. सप्टेंबर १९६३ मध्ये बिआरित्झला असताना त्यांच्या गावची, बर्मिंगहॅमची, बातमी आली : चर्चमध्ये बॉम्बस्फोट, चार कृष्णवर्णीय मुली ठार. त्या मुली त्यांच्या ओळखीच्या होत्या. पदवी त्यांनी फ्रेंचमध्येच घेतली, पण ओढा तत्त्वज्ञानाकडे वळला होता. पुढे त्या फ्रँकफर्टला तत्त्वज्ञान शिकायला गेल्या आणि नागरी हक्कांच्या लढ्यातही उतरल्या.

मात्र प्रवासाने प्रत्येकाची महत्त्वाकांक्षा वाढतेच, असं म्हणता येत नाही. मुळात धडपडी मुलंच अशा संधी शोधतात. त्यामुळे प्रवासाचा परिणाम किती आणि स्वभावाचा किती, हे वेगळं काढणं अवघड असतं.

गैरसमज : लवकर गेला तो तिकडचाच झाला.

वस्तुस्थिती : गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी शाळकरी वयातच अमेरिकेत पोहोचले आणि १९२९ मध्ये हार्वर्डमधून पदवीधर झाले. एकाच विषयाला जुंपून न घेता त्यांनी गणिताबरोबर भाषा आणि इतरही विषय घेतले. त्यानंतर ते भारतात परतले. बनारस, अलीगढ आणि मग पुण्याचं फर्ग्युसन अशी त्यांची अध्यापनाची वाट आहे. गणितज्ञ असूनही भारतीय इतिहासाच्या अभ्यासाला नवी दिशा देणारं पुस्तक त्यांनी १९५६ मध्ये लिहिलं. तरुणपणी विषयांच्या भिंती न मानण्याची लागलेली सवय त्यांच्या कामात अखेरपर्यंत दिसते.

गैरसमज : हे फक्त पैसेवाल्यांचं काम.

वस्तुस्थिती : व्यवस्था कशी उभारली, यावर ते ठरतं. इटलीच्या सोफिया कोराडी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकून रोमला परतल्या, तेव्हा तिथला अभ्यास त्यांच्या विद्यापीठाने मानला नाही. असं शिक्षण मानलं जावं म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. १९८७ मध्ये युरोपातल्या ११ देशांत विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीची ‘इरॅस्मस’ योजना सुरू झाली आणि पहिल्याच वर्षी ३,२४४ विद्यार्थी गेले. या योजनेत यजमान विद्यापीठ शिकवणी शुल्क घेत नाही, राहण्याखाण्यासाठी अनुदान मिळतं आणि तिथले श्रेयांक घरच्या पदवीत धरले जातात.

आपल्याकडे केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठीच आहे. पदवीच्या वयात गरीब घरातल्या मुलाला तिचा उपयोग नाही, ही मोठी उणीव आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार काही भाग इथे आणि काही परदेशी शिकायच्या ‘ट्विनिंग’ अभ्यासक्रमात ३० टक्क्यांपर्यंत श्रेयांक परदेशी संस्थेतून घेता येतात. तेव्हा पालकांनी व्हिसाच्या आधी कॉलेजला विचारावं : कोणत्या संस्थेशी करार आहे, तिथले कोणते विषय इथे धरले जातील, आणि ते लेखी मिळेल का?