रोमची नाटकशाळा आणि घारापुरीची खापरे

बचत गटाची सहल कुठे न्यायची, हा प्रश्न दरवर्षी निघतो आणि उत्तरही ठरलेले असते: देवदर्शन, आणि वाटेत एखादा बगिचा. यंदा मी दुसरे ठिकाण सुचवणार आहे. पण त्याआधी जरा लांब, स्पेन देशात जाऊन येऊ.

तिथे कार्ताहेना नावाचे बंदर आहे. १९८८ साली त्या गावात एका इमारतीसाठी खणताना जुन्या वस्तीखाली दोन हजार वर्षांपूर्वीची रोमन नाटकशाळा लागली. अर्धगोल दगडी पायऱ्या, त्यावर सहा-सात हजार माणसे बसतील एवढी मोठी. मधल्या काळातल्या लोकांनी तिचेच दगड काढून बाजारपेठ उभारली, वर घरे चढवली आणि पुढे सगळे विसरून गेले. २००८ साली तिथे वस्तुसंग्रहालय उघडले. लोक आधी त्यात शिरतात, मूर्ती आणि खांब पाहत पुढे सरकतात आणि एका भुयारी वाटेने थेट नाटकशाळेत निघतात.

तुम्ही म्हणाल, बाई, आपला काय संबंध? संबंध आहे. ज्या काळात तिथे नाटके होत होती, त्याच काळात रोमन राज्यातला माल आपल्या किनाऱ्याला लागत होता. त्याची खूण नवी मुंबईसमोरच्या घारापुरी बेटावर, म्हणजे आपल्या उरण तालुक्यातच सापडली आहे. रोमची नाटकशाळा आपल्याकडे नाही, पण रोमची खापरे आहेत.

ही खापरे मोठ्या रांजणांची. लांबट अंग, अरुंद गळा, दोन बाजूंना दोन कान आणि बूड टोकदार. आपला माठ तिवईवर बसतो, हा जमिनीवर उभाच राहत नाही. पण जहाजाच्या पोटात एकाला एक खेटून रचला की हलत नाही. त्यातून द्राक्षाची दारू आणि ऑलिव्ह फळाचे तेल यायचे. पाझरू नये म्हणून दारूच्या रांजणाला आतून राळेचा लेप देत. इराकच्या बाजूचे रांजणही बेटावर मिळाले, त्यांना आतून डांबर असते. इटलीच्या ज्वालामुखीजवळच्या मातीत काळी रेती दिसते. कोणत्या मातीचे मडके, हे तुम्ही हातात घेऊन सांगता ना? संशोधकही तेच करतात, फक्त भिंग लावून.

जहाजे यायची कशी, हे आमच्या कोळी भगिनींना सांगायला नको. इजिप्तमधून आषाढाच्या सुमारास निघायचे, नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर इकडे पोचायचे आणि थंडीत वारा उलटला की परत. पहिल्या शतकातल्या एका व्यापाऱ्याने या प्रवासाची माहिती ग्रीक भाषेत लिहून ठेवली आहे. त्यात कल्याण आहे, सोपारा आहे, चौल आहे. मराठवाड्यातल्या तेरहून गाड्यांवर घालून कापड बंदराला जाई, हेही आहे. रोमच्या प्लिनी नावाच्या लेखकाने तर कुरकुर केली की आपल्या बायकांच्या हौसेपायी देशाचा पैसा पूर्वेला वाहून जातो. खर्चाचा दोष बायकांवर टाकायची खोड तेव्हाही होतीच!

एकवीरा आईला आपण जातो. देवळाशेजारच्या कार्ले लेण्यात खांबांवर दान देणाऱ्यांची नावे कोरली आहेत, त्यात कितीतरी यवन आहेत. यवन म्हणजे तेव्हाचे ग्रीक, पश्चिमेकडचे लोक. पुढच्या खेपेला दर्शन झाल्यावर पाच मिनिटे ते खांब पाहा.

आता मुद्द्याचे. आपल्या भागात रोज कुठे ना कुठे जेसीबी चालतो. मातीबरोबर जुनी खापरे, नाणी निघतात आणि भरावात जातात. कुणी बोलत नाही, कारण भीती असते: कळवले तर सरकार जमीन घेईल. ही भीती अगदीच खोटी नाही. केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. पण चार खापरे मिळाली म्हणजे स्मारक जाहीर झाले, असे नव्हे. उलट न कळवणे अंगाशी येऊ शकते. १८७८ च्या कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. लपवणे हा गुन्हा आहे. म्हणून वस्तू घासूनपुसून लख्ख करू नका, विकू नका. फोटो काढा, जागा नीट लिहून ठेवा आणि तलाठ्यामार्फत अर्ज द्या, पोच घ्या.

तेर गावात रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशाच जुन्या वस्तू जमवल्या, म्हणून आज त्यांच्या नावाचे सरकारी संग्रहालय गावातच आहे. कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर मिळालेली रोमन समुद्रदेवाची छोटी धातूची मूर्ती आहे. अंबाबाईला गेलात तर ती पाहून या.

घारापुरीचे मात्र यंदाच ठरवा. लेणी सोमवारी बंद असतात. गेटवेहून लाँचने साधारण तासभर लागतो. उरणच्या बाजूनेही होड्या जातात, वेळ आधी जेट्टीवर विचारा. खवळलेल्या पावसाळ्यात जाऊ नका. वर शंभरावर पायऱ्या आहेत, गुडघे दुखणाऱ्यांना सावकाश चढू द्या. बेटावरच्या बायकांकडूनच काकडी, पेरू घ्या. आणि माकडांपासून पिशवी सांभाळा.