पुरणयंत्रातून हमस, तेलाचा थेंब न घालता

हमस हा पदार्थ आता वसई-विरारला परका राहिलेला नाही. मोठ्या दुकानांच्या थंड कपाटात त्याचे डबे असतात, शोरमाच्या गाड्यांवर तो पावात फासून मिळतो, आणि आखातात नोकरीला असलेल्या घरांतली मुले सुट्टीत आली की तो घरीच करायला सांगतात. हरभरा, तीळ, लिंबू, लसूण आणि मीठ एवढ्यावर उभा राहिलेला हा अरबी पदार्थ. अरबी भाषेत ‘हमस’ म्हणजेच हरभरा. नावातच धान्य आहे, तेल नाही.

तरीही डबा उलटून मागची अक्षरे वाचली तर हरभऱ्याच्या पाठोपाठ बहुतेक वेळा तेलाचे नाव दिसते. घरी करणाऱ्यांनाही सांगितले जाते की गुळगुळीत हवे असेल तर तेल सोडत राहा. ज्या घरात कुणाला मधुमेह आहे, कुणाच्या रक्तवाहिन्यांत अडथळा सापडला आहे, जिथे डॉक्टरांनी तेलावर बोट ठेवले आहे, तिथे हे ऐकून माणूस हमसचा नाद सोडून देतो. म्हणून पहिल्यांदाच सांगते : हमस मऊसूत होते ते तेलामुळे नव्हे. लेबनॉन, सीरिया, पॅलेस्टाईनकडच्या रीतीत ऑलिव्हचे तेल वाढताना वरून सोडतात. वाटणात स्निग्धपणा येतो तो तिळाचा. आणि गुळगुळीतपणा येतो तो हरभरा किती शिजला आणि त्याची साल किती निघाली यावरून. या दोन्ही गोष्टी आपल्या बायांना कुणी नव्याने शिकवायला नकोत. पुरण आणखी वेगळे काय असते? हरभऱ्याची डाळ बोटाने चिरडेल इतकी शिजवायची, गरम असतानाच पुरणयंत्रातून काढायची. त्यात कुणी तेल घालते का? गूळ वगळा, तीळ-लिंबू-लसूण घाला, की हमसच्या अगदी जवळ पोचलात.

हे नुसते बोलण्यापुरते नाही, करायलाही हाच मार्ग सोपा आहे. मूळ पदार्थ काबुली चण्याचा, हे खरे. पण काबुली चण्याची साल ही हमसमधली खरी अडचण असते. ती मिक्सरमध्ये पूर्ण वाटली जात नाही, बारीक कण होऊन जिभेला लागत राहते. मग लोक त्यावर तेल ओतून कण लपवतात. हरभऱ्याच्या डाळीला सालच नसते. जात तीच, काबुली आणि गावठी हे एकाच हरभऱ्याचे दोन प्रकार. आणि डाळ प्रत्येक वाण्याकडे, रेशनच्या पिशवीशेजारी मिळते. चव किंचित गोडसर येते, रंग पिवळा येतो, एवढाच फरक. पाहुण्यांपुढे पांढरे हमसच हवे असेल त्यांनी काबुली चणे घ्यावेत. शिजल्यावर भरपूर पाण्यात हलक्या हाताने चोळले की साली वर तरंगतात, त्या ओतून टाकाव्यात. बिरड्यासाठी वाल एकेक करून सोलणाऱ्या हातांना हे काम अर्ध्या तासाचे. पण रोजच्या घरासाठी माझे मत डाळीच्या बाजूने आहे.

आता पाण्याविषयी, कारण आपल्या भागात घोडे तिथेच अडते. नालासोपारा, विरारच्या कित्येक चाळींत आणि इमारतींत नळाचे पाणी पुरत नाही, मग बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी वापरले जाते. किनाऱ्याजवळच्या विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते. अशा जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. धान्याच्या पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारा पेक्टिन नावाचा एक पदार्थ असतो. शिजताना तो विरघळला तर दाणा मऊ पडतो. कॅल्शियम मात्र त्यालाच जाऊन घट्ट करते. म्हणून दहा शिट्ट्या झाल्या तरी डाळ बोटचेपी होत नाही, आणि आपण दोष देतो डाळीला किंवा कुकरच्या रिंगला. तुमच्या पातेल्याला आतून पांढरा थर धरत असेल, साबणाला फेस येत नसेल, तर पाणी जड आहे असे समजावे. अशा घरी डाळ धुवायला कोणतेही पाणी चालेल, पण भिजवायला आणि शिजवायला पिण्याचे पाणी घ्यावे. डाळ जुनी असली तरी हेच होते; वर्षभर डब्यात पडलेल्या धान्यात गणंग दाणे वाढतात.

यावरचा प्रसिद्ध उपाय म्हणजे खाण्याचा सोडा. सोड्याने पेक्टिन लवकर विरघळतो, साल सुटते, हे सगळे खरे. पण त्याची किंमतही सांगितली पाहिजे. सोड्याने थायमिन हे ब जीवनसत्त्व बरेचसे नष्ट होते, आणि सोडा म्हणजे सोडियम. एका लहान चमच्यात सुमारे सव्वा ग्रॅम सोडियम भरते, जवळजवळ तीन ग्रॅम मिठातल्याइतके. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात मिळून पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणून सांगते. रक्तदाबाची गोळी सुरू असलेल्या माणसासाठी तेल वाचवायचे आणि सोडियम वाढवायचे, हा कसला हिशोब? काबुली चण्यांना फारच गरज वाटली तर भिजवण्याच्या पाण्यात पाव चमचा सोडा घालावा, ते पाणी फेकून चणे दोनदा धुवावेत आणि नव्या पाण्यात शिजवावेत. डाळीला सोडा लागतच नाही.

एका वेळेला २०० ग्रॅम हरभऱ्याची डाळ घ्यावी. त्यात सात-आठ जणांचे होते. दोन-तीन तास भिजवून, पाणी बदलून, डाळीच्या तिप्पट पाण्यात कुकरला लावावी. आधी उघड्या कुकरमध्ये उकळी आणून वर आलेला फेस काढून टाकला तर झाकणातून पाणी उतू जात नाही. चार-पाच शिट्ट्या झाल्यावर गॅस बारीक करून आणखी दहा-पंधरा मिनिटे ठेवावी. आमटीसाठी डाळ मोडली पाहिजे इतके पुरते. इथे ती विरघळली पाहिजे. दोन बोटांत धरल्यावर मध्ये कणी लागली तर परत चढवा, आळस करू नका, कारण ही कणी पुढे कोणत्याही मिक्सरने जात नाही. शिजताना मीठ चालेल. लिंबू, चिंच किंवा टोमॅटो अजिबात घालू नये, आंबटाने दाणा निबर राहतो.

डाळ चाळणीवर ओतून खालचे पाणी जपून ठेवा. हा आपला कट. कटाची आमटी करणाऱ्यांना त्याचे मोल ठाऊक आहे. त्यात डाळीतली थोडी प्रथिने आणि स्टार्च उतरलेला असतो, म्हणून तो साध्या पाण्यापेक्षा दाटसर असतो. बिनतेलाच्या हमसमध्ये तेलाची जागा हाच घेतो. दोन-तीन पळ्या बाजूला काढून फ्रिजमध्ये थंड करायला ठेवाव्यात, बाकीच्याची संध्याकाळी आमटी करावी. डाळ गरम असतानाच पुरणयंत्रातून किंवा पुरणाच्या चाळणीतून काढावी. निवली की ती आळते आणि मग हात दुखतात.

तीळ चाळीस ग्रॅम, म्हणजे पोहे खाण्याच्या चमच्याने साधारण चार चमचे भरून. मंद आचेवर जेमतेम रंग पालटेपर्यंत भाजावेत. तांबूस झाले की कडू होतात. मिक्सरच्या सर्वांत लहान भांड्यात कोमट असतानाच थांबून थांबून फिरवावेत, कडेचे खरवडून आत ढकलावे. आधी कूट होईल, मग त्याचे गोळे बनतील, आणि धीर धरला तर तिळाला त्याचेच तेल सुटेल. भांडे मोठे असून पाते लागत नसेल तर वाटीभर तीळ एकदम वाटून बाटलीत भरून ठेवावेत, पुढच्या वेळी उपयोगी पडतात. सोललेले पांढरे तीळ जास्त गुळगुळीत होतात, पण तिळातले बहुतांश कॅल्शियम सालीत असते. गुळगुळीतपणा आणि कॅल्शियम यांत कशाला झुकते माप द्यायचे ते घरातल्या माणसांकडे पाहून ठरवावे.

लसणाच्या दोन-तीन पाकळ्या दोन लिंबांच्या रसातच वाटाव्यात आणि दहा मिनिटे ठेवाव्यात. लसूण चिरडली की तिच्यातला उग्र वास तयार होऊ लागतो. आंबट रसात ती क्रिया मंदावते, म्हणून चव राहते आणि दुसऱ्या दिवशी तोंडाला दर्प येत नाही. या रसात वाटलेले तीळ, अर्धा चमचा मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घालून फिरवावे. मिश्रण प्रथम एकदम घट्ट होईल, फाटल्यासारखे दिसेल. घाबरू नये. थंड कट एकेक चमचा सोडत गेले की ते पांढरे आणि सैल होते. तिळाचे तेल आणि पाणी इथे एकजीव होतात. मग पुरणयंत्रातून काढलेली डाळ थोडी थोडी घालून तीन-चार मिनिटे फिरवावे. डाळ तोवर कोमट झालेली हवी. वाफाळती डाळ बंद भांड्यात टाकली तर झाकण उडून अंगावर येते. मिक्सर तापू लागला तर थांबावे. हवे त्यापेक्षा थोडे पातळ असतानाच उतरवावे, कारण पुरणासारखे हेही थंड झाल्यावर घट्ट होते.

यात तेल अजिबात नाही असे मात्र म्हणता येणार नाही. तिळात निम्मे तेलच असते. वरच्या मापात तिळातून सुमारे २० ग्रॅम आणि डाळीतून १० ग्रॅम स्निग्धांश जातो. आठ जणांत वाटला तर प्रत्येकी चार ग्रॅमही नाही. वरून ओतलेल्या तेलाचा एक मोठा चमचाच १४ ग्रॅमचा असतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत दोन हजार कॅलरींच्या दिवसाला २७ ग्रॅम तेल-तूप धरले आहे, म्हणजे असे दोन चमचे झाले की विषय संपला. शिवाय या वाट्यातून सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. तीळ सोसत नसतील तर त्यांच्याऐवजी घट्ट दही घालावे, चव बदलते पण वाईट लागत नाही.

तेलाशिवाय चवदार खाणे ही आपल्याकडे काही बाहेरून आलेली फॅशन नव्हे. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ च्या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या खाण्याची नोंद आहे. तेल, तूप, दूध ज्या घरांत दुर्मीळ होते त्या घरांतले हे खाणे. तीळ, कारळे, जवस, शेंगदाणे यांच्या कुटावर कालवणाला अंग आणणाऱ्या आज्या आपण पाहिल्या आहेत. तो नाइलाज होता, त्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण हातात पैसा आल्यावर आपण सर्वांत आधी तेलाची धार मोठी केली, हेही खरे आहे. विहारातल्या रविवारच्या अल्पोपाहारात वडा किंवा समोसा ठरलेलाच. एखाद्या रविवारी उपासिका मंडळाने किलोभर डाळीचे हमस, काकडी-गाजर-मुळ्याच्या फोडी आणि तांदळाची भाकरी ठेवून पाहावी. खर्च वड्याहून जास्त येणार नाही आणि कढईसमोर कुणाला घाम गाळावा लागणार नाही.

मधुमेह असणाऱ्यांना हरभरा मानवतो, साखर हळू वाढते. पण हमस जेवणात वाढवायचे नाही, कशाच्या तरी जागी खायचे आहे. पावाला चोपडून खाल्ले तर फायदा पावातच जिरतो. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्त कमी आढळले होते. डाळीतले आणि तिळातले लोह लिंबाच्या सोबतीने जास्त अंगी लागते, म्हणून लिंबू हात राखून घालू नये. आणि वर लगेच चहा घेऊ नये, चहा तेच लोह अडवतो, तासभर थांबावे. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी डाळ, तीळ दोन्ही डॉक्टरांना विचारूनच घ्यावेत. काहींना तिळाची ॲलर्जी असते, लहान मुलांना पहिल्यांदा देताना बोटभर देऊन पाहावे. पोटात वायू धरणाऱ्यांनी सुरुवात दोन चमच्यांनी करावी, भिजवलेले पाणी फेकून द्यावे आणि जिऱ्यासोबत चिमूटभर हिंग घालावा.

बिनतेलाच्या हमसला वरून सुकण्याची खोड असते. झाकणाच्या डब्यात, वरचा थर चमच्याने सपाट करून ठेवावे. फ्रिजमध्ये तीन दिवस चांगले राहते, कोरड्या चमच्याने काढावे. घट्ट झाले तर चमचाभर गार पाणी फेटावे. वाढताना तेलाऐवजी भाजलेले तीळ, लाल तिखट, कोथिंबीर. विरारहून चर्चगेटला जाणाऱ्यांच्या डब्यात तेल गळत नाही म्हणून ते सोयीचे आहे, मात्र डबा रात्रभर फ्रिजमध्ये गार केलेला असावा आणि कचेरीत पोचताच तिथल्या फ्रिजमध्ये ठेवावा. तशी सोय नसेल तर एप्रिल-मे महिन्यांत हमस घरीच खावे, डब्याला सुकी भाजी बरी.