चंचल मूल आणि घराण्याचा वारसा

वर्गात दहा मिनिटे एका जागी न बसणारे मूल प्रत्येक शिक्षकाच्या परिचयाचे असते. ते मूल रोगीच असते असे नव्हे. डॉक्टर ज्याला 'एडीएचडी', म्हणजे अवधानाची उणीव व अतिचंचलता म्हणतात, त्याची लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षाआधी दिसू लागतात, निदान सहा महिने टिकतात, आणि घरी व शाळेत दोन्हीकडे मुलाला अडचणीत आणतात. काही मुले, विशेषतः मुली, धावपळ मुळीच करीत नाहीत. खिडकीबाहेर पाहत गप्प बसतात. त्यांच्याकडे कोणाचे सहसा लक्षच जात नाही.

आता वारशाचा प्रश्न. "ह्याचा बापही असाच होता," असे दादी-आजी कौतुकाने म्हणतात. सुनेवर राग असला म्हणजे तेच "हिच्या माहेरचे वळण" होते! पहिल्या बोलण्यात पुष्कळ तथ्य आहे. एकाच बीजापासून झालेल्या जुळ्यांची जनुके जवळजवळ सर्व सारखी असतात. दोन बीजांपासून झालेल्यांची सख्ख्या भावंडांइतकीच, सरासरीने निम्मी. दोन्ही प्रकारची जुळी एकाच घरात वाढतात. तरी पहिल्या प्रकारात एकाला हा विकार असल्यास दुसऱ्यालाही असण्याचे प्रमाण बरेच अधिक आढळते. अशा अभ्यासांवरून आनुवंशिकतेचा वाटा शेकडा 70 ते 80 धरतात.

ह्या आकड्याचा विपरीत अर्थ मात्र करू नये. बापाला विकार असला म्हणजे दहांपैकी आठ मुलांना तो होणार, असे हा आकडा सांगत नाही. मुलामुलांत जो फरक दिसतो, त्यातील एवढा भाग जनुकांच्या फरकाने उलगडतो, इतकेच. आमच्या जोयडा तालुक्यात भातशेती सर्वांना ठाऊक आहे. एकाच खाचरात मिश्र बी पेरले, तर रोपे उंच-ठेंगणी होतील ती बियाण्यामुळे. म्हणून खतपाण्याचा उपयोग नाही, असे कोणी शेतकरी म्हणत नाही.

शिवाय हे एका जनुकाचे काम नव्हे. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या संशोधनात 20,183 रुग्णांच्या तपासणीतून जनुकसंचातील 12 जागा सापडल्या. 2023 साली 38,691 रुग्णांवरून 27. प्रत्येकीचा परिणाम अगदी थोडा, आणि हेच फेरफार निरोगी माणसांतही आढळतात. म्हणून रक्त तपासून ह्याचे निदान होत नाही. कोणी तसे सांगून पैसे मागितल्यास देऊ नयेत.

अपुऱ्या दिवसांचा जन्म, फार कमी वजन, शरीरात गेलेले शिसे ह्यांचाही संबंध आढळला आहे. आईच्या लाडाने हा विकार होतो, हे मात्र खरे नाही. मूल निम्मी जनुके आईकडून घेते, निम्मी बापाकडून. तेव्हा एकट्या माहेराला बोल लावण्यास शास्त्राचा आधार नाही. मार देऊनही तो जात नाही. पालकांना दिलेले शिक्षण, वर्गात पुढची जागा, कामाचे लहान तुकडे, आणि जरूर तेव्हा डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषध, ह्यांचा गुण येतो. भावंडांवरही नजर ठेवावी; कित्येकदा मुलाच्या तपासणीत बापालाच आपले लहानपण उमगते.

जवळची सोय म्हणजे धारवाडची डिमहान्स ही सरकारी संस्था. तेथवर जाणे जमत नसेल तर 14416 ह्या सरकारी क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो. जाताना मुलाच्या शाळेच्या वह्या व शिक्षकांची चिठ्ठी बरोबर न्यावी. डॉक्टर दोन्ही पाहतात.