स्वतःच्या नावाने

मुंबईच्या पश्चिम उपनगरांत एखाद्या लहानशा खोलीत, एक ध्वनिक्षेपक आणि एक उंच स्टूल एवढ्याच सरंजामावर जेव्हा 'ओपन माइक' भरतो, तेव्हा नवखे आणि मुरलेले विनोदकार एकाच यादीत नावे दाखल करून आपापल्या चार-पाच मिनिटांची वाट पाहत बसलेले असतात. आणि श्रोत्यांत पुष्कळसे त्यांचेच हमपेशा असल्यामुळे, ज्यांना हसविणे सर्वांत दुष्कर अशांपुढेच त्यांची परीक्षा होते. मुदत सरत आली की मागून दिव्याची खूण होते. तिच्यापुढे कोणाचीही रदबदली चालत नाही.

ज्याचे काम मी निकटून पाहिले, तो मराठवाड्यातून आलेला एक तरुण. "शेजारी विचारतात तेव्हा बाबा सांगतात की मुलगा रात्रपाळीला असतो, म्हणून गावी येत नाही," असे तो प्रथम म्हणाला, आणि हशा उगवता उगवताच मावळला. आपल्याच मोबाइलवरील ध्वनिमुद्रण पुनःपुन्हा ऐकल्यावर त्याच्या ध्यानात आले की हसू 'रात्रपाळी'पाशी फुटू पाहत होते, परंतु तो पुढे बोलतच राहिल्यामुळे श्रोत्यांनी ते आवरून पुन्हा कान दिला होता. मराठी वाक्याची स्वाभाविक समाप्ती क्रियापदावर होते, तेव्हा नेमका शब्द अखेरीस आणायचा तर वाक्यच मोडून नव्याने बांधावे लागते. पुढल्या खेपेस तो म्हणाला, "मी काय करतो ते बाबांना पक्के ठाऊक आहे. शेजाऱ्यांनी विचारलं, की एकच उत्तर. रात्रपाळी." आणि तोंड ध्वनिक्षेपकापासून दूर नेऊन तो निश्चल उभा राहिला. खोली हसली. बांधणी बदलली होती, गाभा तोच होता; मला हे श्रम कोणत्याही गंभीर लेखकाच्या श्रमांहून तिळमात्र उणे वाटत नाहीत.

तमाशातील सोंगाड्याला बतावणीत जोडीदाराची साथ असते, पु. ल. देशपांडे यांनी 1961 मध्ये 'बटाट्याची चाळ' एकट्याने रंगविली ती चाळकऱ्यांच्या मुखांनी. 'वऱ्हाड निघालंय लंडनला' या प्रयोगात लक्ष्मण देशपांडे यांच्या पाठीशी अख्खे वऱ्हाड असे. या तरुणापाशी मात्र सोंग नाही, पात्र नाही. तो 'मी' म्हणतो आणि लोक ते शब्दशः त्याचेच मानतात. म्हणूनच अपयशाप्रमाणे रोषही थेट त्याच्या देहावर येतो. 1 जानेवारी 2021 रोजी इंदूर येथे विनोदकार मुनव्वर फारूकी यांना अटक झाली आणि सर्वोच्च न्यायालयाकडून अंतरिम जामीन मिळेपर्यंत महिन्याहून अधिक काळ त्यांना तुरुंगात काढावा लागला, ही नोंद या पेशातील प्रत्येकाच्या मनात घर करून आहे.

तरीही यादीत नावे पडतच असतात. तासाभराचा एक कार्यक्रम उभा करायचा तर अशी कसास उतरलेली मिनिटे एकास एक जोडावी लागतात, आणि या उमेदवारीच्या काळात बहुधा मानधन नसते. त्या रात्री खोलीबाहेर तो तरुण 'पक्के' हा शब्द राहू द्यावा की काढावा, यावर आपल्या मित्राशी हुज्जत घालीत होता.