चौथ्या खेपेचा गडी

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडूला पाय क्वचितच लागतो, आणि ज्याचा लागतो त्या ‘पंटर’ला कोणी फारसं मोजत नाही. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. तीन फसले की बहुधा हा येणार, हातातला चेंडू जमिनीला टेकण्याआधी लाथाडून प्रतिस्पर्ध्याच्या हवाली करणार. बँकेत मी काही वर्षं थकीत कर्जांच्या वसुलीवर होतो. सगळं फसल्यावर ज्याला हाक येते, त्याच्याबद्दल मला साहजिकच आपुलकी!

रे गाय हा जॉर्जियाचा. सदर्न मिसिसिपी विद्यापीठाकडून खेळताना १९७२ साली त्याने चेंडू एकदा ९३ यार्ड मारला. पण नुसतं लांब मारून भागत नाही. चेंडू उंच जाऊन हवेत रेंगाळला पाहिजे. म्हणजे तो झेलला जाईतो आपले गडी तिथे पोचतात. गायची खरी करामत ही. पठ्ठ्या बचावालाही खेळे. त्याच वर्षी समोरच्यांचे आठ पास त्याने मधल्यामध्ये पळवले!

१९७३ साली ओकलंड रेडर्सने त्याला निवडीच्या पहिल्याच फेरीत घेतलं. पंटरला हा मान तोवर कधीच मिळाला नव्हता. संघाने तीनदा सुपर बोल जिंकला. पुढे दिवाळं निघालं, आणि २०११ मध्ये त्या विजयांच्या तिन्ही अंगठ्या लिलावात गेल्या. कॉलेजांतल्या सर्वोत्तम पंटरला त्याच्या नावाचं पारितोषिक २००० पासून मिळतंय. हॉल ऑफ फेमचं दार मात्र त्याच्यासाठी २०१४ साली उघडलं. तेव्हा तो चौसष्ट वर्षांचा होता.