समजून घ्या : कुणी माणूस पूर्ण निष्पाप असू शकतो का? पणजीच्या चर्चमागचा जुना वाद

डिसेंबरात कोथरूडमधून गोव्याला गेलेली कुटुंबं पणजीतल्या पांढऱ्याशुभ्र चर्चच्या पायऱ्यांवर हमखास फोटो काढतात. या चर्चच्या नावातच ख्रिस्ती धर्मातला एक मोठा वाद आहे. ते ‘निष्कलंक गर्भसंभव’ मातेचं चर्च. फेस्त ८ डिसेंबरला.

अनेकांना हा येशूच्या जन्माचा उल्लेख वाटतो. तसं नाही. मरिया स्वतः आईच्या पोटात आली, त्या क्षणापासूनच ती मूळ पापापासून मुक्त होती, असं कॅथलिक मानतात. मूळ पाप म्हणजे आदामापासून प्रत्येकाला जन्मतःच लागलेला डाग.

मग मरियेला तारणारा कशाला हवा? तेराव्या शतकात थॉमस अक्वायनससारखा पंडित इथेच अडला. डन्स स्कॉटसने वाट काढली. त्याचं म्हणणं सोप्या भाषेत असं : खड्ड्यात पडलेल्याला वर काढणं ही सुटका, तर पडण्याआधीच हात धरणं ही त्याहून मोठी. (खड्ड्यांचं पुणेकरांना वेगळं सांगायला नको.) पोप नववे पायस यांनी १८५४ मध्ये यावर शिक्कामोर्तब केलं. पणजीचं चर्च त्याच्या कितीतरी आधीचं.

प्रोटेस्टंटांना हे मान्य नाही. बायबलमधल्या रोमकरांस पत्रात सर्वांनीच पाप केल्याचं म्हटलंय. त्यांच्या मते अपवाद फक्त येशू. त्यांच्यातल्याच मेथडिस्टांचे प्रणेते जॉन वेस्ली मात्र म्हणत, देवाच्या कृपेने याच आयुष्यात जाणूनबुजून केलेल्या पापापासून सुटता येतं. आपण स्वतः तिथवर पोहोचलो, असा दावा मात्र त्यांनी केला नाही.