साहाय्यक परिचारिकेची अडलेली वाट

रुग्णालयात शुभ्र गणवेषात वावरणारी प्रत्येक स्त्री सामान्य माणसाच्या लेखी ‘सिस्टर’च असते. शासनाच्या दप्तरी मात्र या सिस्टरांचे दोन वर्ग आहेत. एक पूर्ण नोंदणीकृत परिचारिका आणि दुसरी साहाय्यक परिचारिका-प्रसाविका, म्हणजे ए. एन. एम. पहिलीचे शिक्षण किमान तीन वर्षांचे, तर दुसरीचे दोन वर्षांचे. हे अंतर कागदावर अवघ्या एका वर्षाचे दिसत असले, तरी ते ओलांडू पाहणाऱ्या स्त्रीला प्रत्यक्षात किती सायास पडतात, याचा विचार आपल्याकडे क्वचितच होतो.

हा भेद आजचा नव्हे. १९४६ साली भोर समितीने परिचारिकांच्या कनिष्ठ व वरिष्ठ अशा दोन श्रेणी सुचविल्या. परिचारिका मूठभर आणि खेडी लाखोंच्या संख्येने, अशा देशात ती सूचना व्यवहार्यच होती. १९५१ मध्ये पंजाबातील तरनतारन येथील सेंट मेरीज रुग्णालयात साहाय्यक परिचारिकांचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला. पुढे १९७३ च्या कर्तारसिंग समितीने तिला बहुउद्देशीय आरोग्यसेविकेचे रूप दिले. काम वाढले, पदनाम बदलले. पण पुढील शिक्षणाची वाट काही रुंदावली नाही.

सपाटीवर पाच हजार आणि डोंगराळ भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असावे, असा राष्ट्रीय निकष आहे. या उपकेंद्राचा भार मुख्यतः साहाय्यक परिचारिकेवरच असतो. गर्भवतीची तपासणी, अडलेल्या बाळंतिणीला वेळीच रुग्णालयात धाडणे, बालकांचे लसीकरण, कुटुंबनियोजनाचा सल्ला ही सारी कामे तिचीच. सत्तरी, सांगे वा काणकोण तालुक्यांतील दूरच्या वाड्यांवर भर पावसात लसीची पेटी घेऊन जाणे म्हणजे काय, हे तेथील आयाबहिणींना सांगावयास नको. मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला आणि जानेवारी २०२१ पासून कोविडची लस देशभर देण्यात आली. या दोन्ही कार्यांत तिचा वाटा फार मोठा होता.

अशा स्त्रीने पूर्ण परिचारिका व्हावयाचे ठरविले तर? दार बंद आहे असे म्हणता येणार नाही. नोंदणीकृत ए. एन. एम. ला तीन वर्षांच्या जी. एन. एम. अभ्यासक्रमास प्रवेश मिळू शकतो आणि इतरांना लागू असलेली वयोमर्यादाही तिच्या आड येत नाही. परंतु तेथे तिला पहिल्या वर्षापासून आरंभ करावा लागतो. शेकडो बाळंतपणे पाहिलेली स्त्री काल बारावी झालेल्या मुलीच्या बाकावर बसून तेच धडे पुन्हा गिरवते. त्यापुढे पदवी हवी असेल तर आणखी दोन वर्षे. एकूण हिशेब सात वर्षांचा होतो. बारावीनंतर थेट बी. एस्सी. नर्सिंगला गेलेली विद्यार्थिनी तीच पदवी चार वर्षांत मिळविते. म्हणजे अनुभवाची किंमत शून्य, किंबहुना शून्याहूनही उणे!

त्यात संसाराचे प्रश्न वेगळेच. तीन वर्षे पगार नसेल तर घर कसे चालावे? मुलांकडे कोणी पाहावे? आजवर मराठी-कोंकणीतून रुग्णांशी बोलणाऱ्या स्त्रीला इंग्रजी पाठ्यपुस्तके पेलावीत कशी? या अडचणी पाहूनच अनेकजणी अर्ज करीत नाहीत, आणि मग ‘त्यांनाच पुढे जायची इच्छा नाही’ असा शेरा मारावयास आपण मोकळे होतो.

अशी सूट दिल्यास दर्जा घसरेल, अशी शंका घेतली जाते. ती रास्त आहे, कारण येथे प्रश्न रुग्णाच्या प्राणाचा आहे. परंतु अमेरिकेत साधारण वर्षभर शिकलेल्या प्रॅक्टिकल नर्सला नोंदणीकृत परिचारिका होण्यासाठी खास जोडअभ्यासक्रम आहेत. तेथे आधीच्या शिक्षणाचे श्रेय दिले जाते. अंतिम परवाना परीक्षा मात्र सर्वांना एकच. इंग्लंडने १९४३ च्या कायद्याने दुय्यम श्रेणीच्या परिचारिकांची स्वतंत्र नोंद सुरू केली आणि पुढे ती श्रेणी मोडीत काढताना त्यांना पूर्ण परिचारिका होता यावे म्हणून रूपांतर अभ्यासक्रम चालविले. दर्जा जपावयाचा तो अखेरच्या परीक्षेत. शिकलेले पुन्हा शिकावयास लावून नव्हे.

आपल्याकडेही सेवेतील जी. एन. एम. परिचारिकांसाठी इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाने पदवी अभ्यासक्रम आखला होता. नोकरी सांभाळून शिकता येते, हे त्यावरून दिसते. मग त्याखालच्या पायरीवरील स्त्रीलाच ही सोय का नसावी? १९४७ च्या परिचर्या परिषद कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये नवा कायदा संमत केला. त्यातही व्यावसायिक व सहयोगी असे दोन वर्ग राहिले आहेत. वर्ग दोन असावयास हरकत नाही. परंतु एकातून दुसऱ्यात जाण्याचा सुकर मार्ग त्यांच्यामध्ये असावयास हवा.

राष्ट्रीय पातळीवर आधीचे ज्ञान परीक्षेने तपासून त्याचे श्रेय देण्याची तरतूद व्हावी. गोवा शासनाने तोवर स्वस्थ बसण्याचे कारण नाही. सेवेतील साहाय्यक परिचारिकांसाठी दरवर्षी काही जागा राखून ठेवणे, पगारी अध्ययनरजा देऊन त्या बदल्यात ठरावीक वर्षांच्या ग्रामीण सेवेचा करार करून घेणे आणि प्रवेशापूर्वी इंग्रजीचा पूर्ववर्ग चालविणे, एवढे तरी सहज शक्य आहे. यावर होणारा खर्च वाया जाणार नाही. खेड्याची नाडी जाणणारी परिचारिका अधिक शिकून खेड्यातच परतली, तर तिचा लाभ अखेर आपल्याच लेकीसुनांना होणार आहे.